मोजून मारलेले मासे

शिकागोहून उत्तरेला निघालं की रॉकफर्डपर्यंत शहर पाठ सोडत नाही आणि वॉसॉ ओलांडल्यावर पुन्हा शहर म्हणावं असं काही लागत नाही. मधली मक्याची शेतं एप्रिलअखेर उघडीबोडकी असतात. मग पाइन आणि बर्चची दाटी सुरू होते, आणि मिनॉक्वा आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणीच पाणी. तिथून अर्ध्या तासाच्या आत लॅक डू फ्लॅम्बो. सगळा मिळून सहाएक तासांचा रस्ता. शिकागोकडची मराठी मंडळी या मुलखात उन्हाळ्यात येतात, तळ्याकाठी केबिन भाड्याने घेतात, होड्या वल्हवतात आणि परत जातात. एप्रिलमध्ये जाऊ म्हटल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा तिथे काही नसतं. वितळणारा बर्फ आणि चिखल." मला नेमका तोच मोसम हवा होता.

कारण तळ्यांवरचा बर्फ फुटला की लगेच इथला वॉलआय मासा अंडी घालायला काठाकडे येतो. आमच्या भंडाऱ्याकडे मृग बरसला की तलावाच्या सांडव्याला मासे चढतात, तसा इथला मुहूर्त बर्फ ठरवतो. कधी एप्रिलच्या मध्यावर, कधी मे उजाडल्यावर. पाणी सहा ते दहा अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की आठ-दहा दिवसांत सगळा कारभार उरकतो. त्या दिवसांत लॅक डू फ्लॅम्बोच्या ओजिब्वे जमातीची मासळी-हॅचरी चोवीस तास जागी असते.

हे गाव ओजिब्वेंच्या राखीव क्षेत्रात आहे. 1837 आणि 1842 च्या करारांनी या लोकांनी उत्तर विस्कॉन्सिनचा अफाट मुलूख अमेरिकी सरकारला लिहून दिला. सरकारला पाइनचं लाकूड हवं होतं, तांबं हवं होतं. पण करार करताना ओजिब्वे पुढाऱ्यांनी एक कलम सोडलं नाही: दिलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर शिकार, मासेमारी आणि वनोपज गोळा करण्याचा हक्क आमचाच राहील. 1854 च्या करारात राखीव क्षेत्रं आखली गेली, त्यातलं हे एक. क्षेत्राच्या हद्दीत लहानमोठी 260 तळी आहेत. रात्री मशाली पेटवून होडीतून भाल्याने मासे मारायची इथली जुनी रीत, आणि फ्रेंच व्यापाऱ्यांनी गावाला नाव दिलं तेही त्या मशालींवरूनच. गावातल्या संग्रहालयात भाल्याने मारलेला एक स्टर्जन मासा ठेवला आहे, माणसाहून लांब. तो बघून मगच हॅचरीत जावं, म्हणजे हा खेळ किती जुना आहे याचा अंदाज येतो.

हॅचरीत शिरल्यावर आधी ऐकू येतं ते पाणी. उभ्या पारदर्शक बरण्यांच्या रांगा, प्रत्येकीत वरून तळापर्यंत गेलेली एक नळी, नळीतून आलेलं पाणी तळाशी आपटून वर चढतं आणि तोंडावरून ओघळून पन्हळीत पडतं. त्या वर चढणाऱ्या पाण्यात अंड्यांचा थर अखंड हलत राहतो, उसळत नाही आणि बसतही नाही. अशा बरणीला मॅकडॉनल्ड जार म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचे मत्स्य आयुक्त असलेल्या मार्शल मॅकडॉनल्ड यांनी बेतलेली ही रचना. तेव्हा काच होती, आता प्लास्टिक आलं, पण तत्त्व तेच. वॉलआयचं अंडं मोहरीएवढं, जेमतेम दोन मिलिमीटरचं. लिटरभर अंडी म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. एका बरणीत तीनेक लाख जीव सहज मावतात.

या बरण्यांपर्यंत अंडी कशी येतात ते पाहण्यासारखं आहे. कड्यांवर ताणलेली, आत गेलेल्या माशाला बाहेरची वाट सापडू नये अशी जाळी रात्री काठालगत लावून ठेवतात आणि सकाळी उपसतात. पिकलेली मादी ओल्या फडक्यात धरतात आणि अंगठा पोटावरून शेपटीकडे हलकेच दाबत नेतात. पिवळट सोनेरी अंड्यांची धार पातेल्यात पडते. पातेलं कोरडं लागतं. पाण्याचा थेंब लागला की अंड्याचं सूक्ष्म छिद्र मिनिटा-दोन मिनिटांत मिटतं, आणि नराचं बीजही पाण्यात मिनिटभरच धावतं. म्हणून आधी अंडी, त्यावर दोन-तीन नरांचं बीज, ते टर्कीच्या पिसाने ढवळायचं, आणि मग पाणी. पीसच का, तर चमच्याने अंडी फुटतात.

पुढची पायरी बघून मला गंमत वाटली. पाणी लागल्यावर वॉलआयची अंडी चिकट होतात. निसर्गात ते सोयीचं, कारण मादी घरटं करत नाही, गोट्यांवर अंडी टाकून निघून जाते, आणि चिकटपणामुळे ती तिथे टिकतात. बरणीत मात्र त्यांचा गोळा झाला की आतली अंडी गुदमरून मरतात, मेलेल्यांवर बुरशी धरते आणि बुरशी शेजारची जिवंत अंडी खाते. त्यावर उपाय म्हणजे मातीचं पातळ कालवण. पातेल्यात ते ओतून पुन्हा पिसाने ढवळायचं, प्रत्येक अंड्यावर मातीचा कण बसला की चिकटपणा जातो. माती कोणती, तर आपल्याकडे किराणा दुकानात तोंडाला लावायला मिळते ती मुलतानी माती किंवा तिच्याच जातीतली. काही हॅचऱ्या टॅनिक आम्ल वापरतात, पण मातीची रीत जुनी. नंतर अंडी तासन्तास पाण्यात फुगू देतात, आयोडिनच्या द्रावणातून काढतात आणि मग बरणीत घालतात. आयोडिनचा आग्रह 2007 नंतर फारच वाढला. त्या वर्षी विस्कॉन्सिनच्या विनेबेगो तळ्यात माशांना रक्तस्राव करून मारणारा व्हीएचएस नावाचा विषाणू सापडला आणि एका तळ्याचा मासा दुसऱ्यात टाकणं ही जबाबदारीची गोष्ट झाली. आता तपासणीशिवाय मासा हलत नाही.

पुढचे दोन-तीन आठवडे हॅचरी सांभाळणं म्हणजे राखण करणं. मेलेलं अंडं पांढरं पडतं, हलकं होऊन वर येतं, ते रबरी नळीने ओढून काढायचं. पाण्याचा जोर जास्त झाला तर अंडी बाहेर वाहून जातात, कमी झाला तर बसतात. वीज गेली आणि पंप थांबला तर काही तासांत मोसम संपला, म्हणून जनित्राची चाचणी रोज. थंडीची लाट आली की उबवण लांबते. तिथल्या एका तंत्रज्ञाने बरणीवर विजेरी धरून मला अंड्यातले दोन काळे ठिपके दाखवले. ते डोळे. ठिपके दिसले की माणसं जरा सैल होतात, कारण तिथवर पोचलेली अंडी बहुतेक फुटतात. फुटल्यावर आठेक मिलिमीटरचं पिल्लू पाण्याबरोबर वर चढतं, बरणीच्या तोंडावरून घसरून टाकीत पडतं. अंग काचेसारखं आरपार, डोळे तेवढे दिसतात.

आणि तीन-चार दिवसांत, पोटाशी बांधलेली बलकाची शिदोरी संपली, की ही पिल्लं एकमेकांना खायला लागतात.

हॅचरीच्या व्यवस्थापकाचा खरा निर्णय इथे असतो. पिल्लं तशीच तळ्यात सोडायची की वाढवून सोडायची? तशीच सोडली तर खर्च जवळजवळ नाही आणि आकडा डोळे दिपवणारा, लाखांचा, कोटींचा. पण त्यातली जगतात फार थोडी. वाढवायची तर मातीच्या तलावड्यांत आधी अल्फाल्फा किंवा सोयाबीनची पेंड टाकून पाणी पिकवावं लागतं, म्हणजे त्यात पिल्लांना खायला सूक्ष्म प्राणी होतात. आपल्याकडे कटला-रोहूच्या संवर्धन तळ्यात शेण आणि शेंगदाण्याची पेंड टाकतात, हेतू तोच. जिऱ्यापासून, म्हणजे इवल्या पिल्लापासून, बोटुकलीपर्यंतचा हा टप्पा दोन्हीकडे सारखाच नाजूक. फरक असा की रोहू शाकाहाराकडे झुकलेला, वॉलआय पक्का मांसाहारी. जून-जुलैत बोटाच्या दीड-दोन पेरांएवढा झाला की त्याला दुसरे, जिवंत मासे लागतात. ते विकत आणून घालत शरद ऋतूपर्यंत हातभर नाही तरी वीतभर मासा करायचा तर एकेका माशाचा हिशोब रुपया-पैशात लागतो. असा मासा जगण्याची शक्यता मात्र बरीच जास्त. 2013 साली विस्कॉन्सिन सरकारने वॉलआयसाठी खास योजना काढली ती याच मोठ्या बोटुकल्यांवर भर देणारी होती, आणि तिच्यात सरकारी हॅचऱ्यांसोबत जमातींच्या आणि खासगी हॅचऱ्यांनाही स्थान होतं.

कुठल्या तळ्यात सोडायचं हाही प्रश्न सोपा नाही. जिथे वॉलआयची वीण आपोआप चांगली होते तिथे हॅचरीचा मासा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. उलट बाहेरचं वाण मिसळून तिथलं मूळ वाण बिघडवण्याचा धोका. म्हणून अंडी शक्यतो त्याच पाणलोटातल्या माशांची घेतात. सोडायचा तो जिथे काठ घरांनी, धक्क्यांनी भरून गेले आहेत आणि गोटे गाळाखाली गेले आहेत, जिथे मादी येते पण अंडी टिकत नाहीत, तिथे.

भाल्याने मारलेल्या माशांमधूनही इथे बीज घेतात. रात्री धक्क्यावर आलेल्या मादीच्या पोटात पिकलेली अंडी असतील तर तिथेच पातेल्यात काढायची, तिथेच नराचं बीज मिसळायचं आणि हॅचरीकडे धाडायची. मासा कुटुंबाच्या ताटात, अंडी बरणीत. शेजारच्या गावांतल्या लोकांना हे माहीत नसतं किंवा माहीत करून घ्यायचं नसतं.

त्या धक्क्यांवर एका पिढीपूर्वी काय घडलं हे इथे आलेल्याने जाणून घ्यायलाच हवं. करारातला हक्क कागदावर होता, पण राज्य सरकार राखीव क्षेत्राबाहेर भाला चालवणाऱ्या ओजिब्वेंना शिकारचोर ठरवून पकडत असे. 1974 साली शेजारच्या लॅक कूट ओरे जमातीच्या ट्रिबल आडनावाच्या दोघा भावांनी जाणूनबुजून हद्द ओलांडून मासे मारले आणि अटक करवून घेतली. खटला लढत लढत 1983 साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की हक्क अजून शाबूत आहे. तो व्हॉइट निकाल म्हणून ओळखला जातो. त्यानंतर कित्येक वर्षं वसंत ऋतूतल्या रात्री इथे दंगलीच्या काठावर असत. धक्क्यांवर शेकडोंचे जमाव, दगड, शिव्या, होड्यांच्या मागे लाटा उठवणाऱ्या मोटारबोटी, आणि "वॉलआय वाचवा, इंडियनला भाला मारा" असे फलक. लॅक डू फ्लॅम्बोचे टॉम मॉल्सन आणि त्यांचे साथीदार तरीही रोज पाण्यावर जात राहिले. 1991 साली न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी त्रास देणाऱ्यांना मनाई हुकूम बजावला तेव्हा कुठे ते शमलं.

आरडाओरडा करणाऱ्यांचं म्हणणं असं होतं की भाले तळी रिकामी करतील. मग मोजलं गेलं. जमाती, राज्य आणि संघराज्य सरकार यांनी मिळून तळी तपासली आणि 1991 च्या अहवालात लिहिलं की भाल्याच्या मासेमारीने माशांच्या साठ्याला धक्का लागलेला नाही. मला या साऱ्या कथेत सर्वांत पटलेली गोष्ट ही मोजणीच. 1984 साली स्थापन झालेला 11 जमातींचा मिळून एक मत्स्य व वन्यजीव आयोग आहे, त्याचे जीवशास्त्रज्ञ आणि रखवालदार आहेत. तळ्यात प्रौढ वॉलआय किती याचा अंदाज बांधतात. सर्वांनी मिळून, म्हणजे गळवाल्यांनी आणि भालेवाल्यांनी, वर्षात त्याच्या 35 टक्क्यांहून जास्त काढायचे नाहीत अशी कमाल मर्यादा. ती ओलांडली जाण्याची शक्यता फारच कमी राहावी म्हणून प्रत्यक्षातला वाटा त्याहून बराच खाली ठेवतात. मग जमाती आपला कोटा जाहीर करतात आणि प्रत्येक भालेकऱ्याला त्या रात्रीपुरता, त्या तळ्यापुरता परवाना मिळतो.

रात्रीच्या धक्क्यावर थंडीने बोटं बधिर होतात. होड्या अॅल्युमिनियमच्या, मशालीऐवजी डोक्यावर हेल्मेटला लावलेला दिवा. पाण्यात उजेड पडला की वॉलआयचे डोळे चमकतात. त्याच्या डोळ्यांत मागे एक परावर्तक पडदा असतो, मांजराच्या असतो तसा, म्हणून अंधाऱ्या पाण्यात त्याला शिकार दिसते आणि त्याच चमकेने तो सापडतो. निघण्याआधी एका वयस्क बाईंनी चिमूटभर तंबाखू पाण्यावर सोडली. मासा घेण्याआधी काहीतरी द्यायचं, ही पद्धत. होडी परतली तेव्हा रखवालदार पट्टी घेऊन उभा होता. प्लास्टिकच्या टोपलीतला मासा न् मासा मोजला गेला, लांबी पाहिली, नर की मादी ते नोंदलं. 20 इंचांपेक्षा मोठे फक्त दोन, त्यातही एकाच्या लांबीला वरची मर्यादा. टोपलीत बहुतेक नर होते, आणि हे नेहमीचंच, कारण नर काठावर रेंगाळतात आणि मादी अंडी टाकून खोल पाण्यात निघून जाते. त्या रात्री त्या तळ्याचा कोटा भरला की दुसऱ्या दिवशी तळं बंद. दिवसा गळ टाकणाऱ्या पर्यटकांच्या बादलीत कोणी असं डोकावत नाही. त्यांचे आकडे नमुना पाहणीवरून काढलेले अंदाज असतात.

घरी नेलेला मासाही नकाशा पाहून खायचा. दूरच्या धुराड्यांतून आलेला पारा या तळ्यांत उतरतो आणि माशांत साठतो, म्हणून आयोग तळ्यांचे रंगांनी खुणावलेले नकाशे छापतो. कुठल्या तळ्याचा वॉलआय महिन्यात किती जेवणांत घ्यावा, गरोदर बाईने आणि मुलांनी किती, ते त्यावर असतं. जाहिरातीत न येणारी ही गोष्ट त्यांनी स्वतःहून मला दाखवली, याचं कौतुक वाटलं.

हॅचरी हा सगळ्या दुखण्यावरचा इलाज नाही, हे सांगणारे लोक हॅचरीतच भेटले. त्यांनी मला रेड लेकचं उदाहरण दिलं. शेजारच्या मिनेसोटा राज्यातलं हे प्रचंड तळं बहुतांश रेड लेक ओजिब्वेंच्या मालकीचं. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाई झाली म्हणून 1917 साली तिथे व्यापारी मासेमारी सुरू झाली आणि पुढे चालूच राहिली. 1990 च्या दशकाच्या मध्यावर वॉलआय जवळजवळ संपला. जमातीच्या मच्छीमारांनी 1997 साली आपण होऊन जाळी बाहेर काढली. 1999 साली राज्याशी करार होऊन वॉलआयची मासेमारी पूर्ण बंद झाली. त्या साली, मग 2001 आणि 2003 साली कोट्यवधी पिल्लं सोडली. सोडण्याआधी त्यांना ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या पाण्यात ठेवलं, म्हणजे हाडांवर खूण राहते आणि पुढे पकडलेला मासा हॅचरीचा की तळ्यात जन्मलेला ते कळतं. 2006 साली तळं वॉलआयच्या मासेमारीला पुन्हा खुलं झालं, आणि तेव्हापासून वॉलआय स्वतःच्या विणीवर टिकून आहे. लोक कोट्यवधी पिल्लांची गोष्ट सांगतात. माझ्या मते निर्णायक होती ती सात वर्षांची उपास धरलेली जाळी. पिल्लं सोडली आणि मासेमारी चालू ठेवली असती तर त्या पैशाने सोडलेला मासाच पुन्हा जाळ्यात गेला असता.

लॅक डू फ्लॅम्बोच्या परिसरातलं आजचं संकट वेगळं आहे. तळी तापत चालली आहेत. कोमट पाण्यात बास जातीचे मासे फोफावतात आणि वॉलआयची पिल्लं मागे पडतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिनच्या एका अभ्यासाने आणखी एक खडा टाकला: तळं वर्षाला किती मासा निर्माण करतं आणि किती काढला जातो असा ताळा मांडला तर सुमारे 40 टक्के तळ्यांत वॉलआयची काढणी जास्त होते आहे, आणि नेहमीच्या मोजपट्टीत ते दिसत नव्हतं. म्हणजे 35 टक्क्यांचं गणितही आता जुनं होऊ लागलं आहे. हॅचरीची माणसं हे मान्य करतात आणि तरीही पिसाने अंडी ढवळत बसतात, कारण काही तळ्यांत त्यांच्याशिवाय वॉलआय उरणारच नाही.

मी भंडाऱ्याचा. आमच्या जिल्ह्यात मालगुजारी तलाव शेकड्यांनी आहेत, मामा तलाव म्हणतो आम्ही त्यांना. ढिवर समाजाच्या सहकारी संस्था दर पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळचं जिरे किंवा बोटुकली आणून तलावात सोडतात. फोटो निघतात, आकडा लाखांत छापला जातो. पुढे मरळ आणि मागूर कमी का झाले, सोडलेल्या बोटुकल्यांपैकी किती जाळ्यात आल्या, याची वही फार थोड्या संस्थांकडे असते. अमेरिकेतल्या जमातींच्या मागे कोर्टाचा निकाल आहे, आयोग आहे, पैसा आहे, हे खरं. पण धक्क्यावरची ती पट्टी आणि नोंदवही फार महाग नाही. येत्या श्रावणात तुमच्या गावच्या तलावावर बीज सोडण्याचा कार्यक्रम असेल तर जरूर जा, आणि किती सोडले हे ऐकून घेतल्यावर संस्थेच्या सचिवांना विचारा, गेल्या वर्षी सोडलेल्यांपैकी हाती किती आले.